रॉबिन हूडचे गडी

इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्याला एक वाक्प्रचार वारंवार भेटतो. एखादा मंत्री आपल्या विश्वासू सहकाऱ्यांसह दौऱ्यावर निघाला, एखादा कर्णधार आपल्या मर्जीतल्या खेळाडूंना घेऊन मैदानात उतरला किंवा एखाद्या उद्योगसमूहाचा नवा प्रमुख आपली जुनी माणसे बरोबर घेऊन आला, की 'अमुक आणि त्यांचे मेरी मेन' असे लिहिले जाते. या शब्दांत उघड निंदा नसते, तशी प्रशंसाही नसते. ही माणसे नेत्याच्या हसण्यावर हसतात, त्याच्या रागावर रागावतात आणि त्याने शिंग फुंकले की कोणताही प्रश्न न विचारता धावत येतात, एवढे त्यातून सुचवायचे असते. वाचकही गालातल्या गालात हसतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो.

हा वाक्प्रचार रॉबिन हूडच्या लोककथांतून आला, हे बहुतेकांना ठाऊक असते. शेरवुडच्या अरण्यात हिरव्या पोशाखात वावरणारे धनुर्धर, त्यांतला धिप्पाड लिटल जॉन, पोटसुटा फ्रायर टक, विल स्कार्लेट आणि गिरणीवाल्याचा मुलगा मच ही मंडळी शाळेतल्या गोष्टीच्या पुस्तकांतून आणि चित्रपटांतून मराठी वाचकाच्याही परिचयाची आहेत. परंतु ज्या जुन्या गाथांतून ही माणसे पुढे आली, त्या गाथा उघडून पाहिल्या की आजच्या वाक्प्रचारातील थट्टा किती उथळ आहे हे ध्यानात येते. त्या गाथांतील अनुयायी पगार घेतात, भांडतात, सोडून जातात, परत येतात आणि कधी कधी अमानुष वागतात. निष्ठा म्हणजे काय, ती कशावर जगते आणि कशाने मरते याचा एवढा रोखठोक विचार गावोगाव म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांत व्हावा, ही आश्चर्याची गोष्ट आहे. ज्या समाजात 'निष्ठावंत' हा शब्द निवडणुकीच्या सभेत दररोज ऐकू येतो, त्या समाजाने तरी या विचाराकडे पाठ फिरवू नये.

शब्दाचे मूळ

'मेरी' या शब्दाने आज आनंदी, खुशालचेंडू माणसाचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ याहून विस्तृत होता. रम्य, मनाला सुखावणारे, प्रसन्न असे जे जे काही असेल त्याला हे विशेषण लागत असे. 'मेरी मेन' हा शब्दप्रयोगही केवळ रॉबिन हूडच्या मालकीचा नव्हता. सरदाराचे वा वीराचे जे सोबती, त्यांना उद्देशून तो सर्रास योजला जाई. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने सर थोपस नावाच्या विनोदी वीराची कथा रचली, तीत हा वीरही आपल्या 'मेरी मेन'ना करमणुकीची आज्ञा देतो. चॉसर तेथे त्या काळच्या वीरकथांची टर उडवीत होता. तेव्हा हा शब्दप्रयोग त्याच्या काळीच पुरता रुळून गुळगुळीत झाला असला पाहिजे.

रॉबिन हूडच्या गाण्यांचा पहिला निश्चित उल्लेखही त्याच सुमाराचा आहे. १३७७ च्या आसपासच्या 'पिअर्स प्लाउमन' या विल्यम लँगलंडच्या काव्यात आळस नावाचे पात्र कबुली देते, की आपल्याला प्रार्थना धड येत नाही, पण रॉबिन हूडची गाणी मात्र येतात. त्यापूर्वीच, १२६२ साली, एका फरारी इसमाच्या मूळ नावाऐवजी 'रोबहोड' असे नाव सरकारी दप्तरात नोंदलेले आढळते. १४३९ साली पार्लमेंटपुढे आलेल्या एका अर्जात डर्बीशरमधील पिअर्स व्हेनेबल्स नावाच्या इसमाविरुद्ध तक्रार आहे, की तो गुंड जमवून रानात शिरला, जणू काही रॉबिन हूड आणि त्याचा परिवारच. या अर्जात परिवार या अर्थी जो शब्द आहे, तो सरदाराच्या घरच्या नोकरचाकरांना आणि शिबंदीला लावला जाणारा शब्द होय. म्हणजे पंधराव्या शतकातील इंग्रज माणसाला रॉबिनचे सोबती हे मौजेखातर जमलेले टोळके वाटत नव्हते. एका मोठ्या माणसाच्या पदरी असलेले पथक अशीच त्यांची प्रतिमा होती.

वीस मार्क आणि दोन पोशाख

ही प्रतिमा 'अ गेस्ट ऑफ रॉबिन होड' या दीर्घ गाथेत फार स्पष्टपणे उतरली आहे. सोळाव्या शतकाच्या उंबरठ्यावर छापल्या गेलेल्या या गाथेत ४५६ कडवी आहेत. तिच्यातील एक प्रसंग नोकरदार वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. लिटल जॉन नाव बदलून नॉटिंगहॅमच्या शेरीफाच्या चाकरीत राहतो. पगार ठरतो वर्षाला वीस मार्क. एके दिवशी शेरीफ शिकारीला गेला असता कारभारी जॉनला जेवण देण्याचे नाकारतो. त्यातून जी मारामारी होते तीत शेरीफाचा आचारी जॉनला तोडीस तोड भेटतो. दोघे दमतात, आणि जॉन त्या आचाऱ्याला रॉबिनकडे येण्याचे आमंत्रण देतो. आमिष कोणते? वर्षाला वीस मार्क आणि दोन पोशाख.

वीस मार्क म्हणजे तेरा पौंड, सहा शिलिंग, आठ पेन्स. शेरीफ जॉनला जेवढे देत होता तेवढेच रॉबिन आचाऱ्याला देणार. गाथाकाराने हा आकडा सहज योजला असेल वा हेतुपुरस्सर, पण त्यातून निघणारा अर्थ चुकण्यासारखा नाही. अरण्यातील माणसे फुकट राबत नव्हती, त्यांना वेतन होते, गणवेश होता. फरक वेतनात नव्हता. शेरीफाच्या घरी धनी बाहेर गेला की नोकर उपाशी राहत होता, आणि अरण्यात धनी पाहुण्याची वाट पाहत स्वतःच जेवायचा थांबत होता.

त्या काळच्या इंग्लंडात या तपशिलाला आणखी एक धार होती. बडे सरदार आपल्या रंगाचे पोशाख वाटून शेकडो माणसे पदरी बाळगीत, आणि ही माणसे न्यायालयांना धाक घालण्यापासून शेजाऱ्याची जमीन बळकावण्यापर्यंत सारे काही करीत. या प्रथेला आळा घालण्यासाठी १३९० पासून १५०४ पर्यंत पुनःपुन्हा कायदे करावे लागले. कायदा पुनःपुन्हा करावा लागतो याचा अर्थ तो पाळला जात नाही. रॉबिनचा हिरवा पोशाख हे या व्यवस्थेचेच प्रतिबिंब आहे. फरक एवढाच, की सरदाराचे पोशाखवाले दुबळ्यांना नाडीत, तर रॉबिनची ताकीद अशी, की नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याला हात लावायचा नाही, भल्या माणसाला छळायचे नाही. बिशप, आर्चबिशप आणि शेरीफ यांच्याकडे मात्र नीट लक्ष ठेवायचे. आज्ञा केवळ 'माझ्यामागे या' एवढीच नव्हती. कोणाला सोडायचे आणि कोणाला गाठायचे याचा नियम आधी सांगितलेला होता. नियम माहीत असलेला अनुयायी आणि केवळ चेहरा माहीत असलेला अनुयायी यांत फार मोठे अंतर असते.

याच गाथेत या मंडळींचा विनोदही दिसतो. कर्जात बुडालेल्या एका सरदाराला रॉबिन चारशे पौंड उसने देतो आणि वर कापडही द्यायला सांगतो. लिटल जॉन आपल्या धनुष्यानेच कापड मोजतो आणि प्रत्येक मापाला सढळ हाताने जास्तीचे सोडतो. हा कसला कापडवाला, असे मच कुरकुरतो. स्कॅथलॉक मात्र उभ्या उभ्या हसून म्हणतो, की जॉनला चांगले माप द्यायला काय जाते, त्याच्या पदरचे थोडेच आहे! दुसऱ्याच्या कापडावर औदार्य दाखविणाऱ्याला त्याच्याच सोबत्याने हसावे, आणि तेही धन्याच्या समक्ष, हे 'मेरी मेन'च्या आनंदीपणाचे खरे स्वरूप होय. सार्वजनिक पैशातून दानशूर म्हणवून घेणाऱ्या आजच्या पुढाऱ्यांभोवती असा एखादा स्कॅथलॉक क्वचितच आढळतो.

भांडणारा सोबती

निष्ठेचा खरा कस लागतो तो 'रॉबिन हूड अँड द मंक' या गाथेत. तिचे हस्तलिखित पंधराव्या शतकाच्या मध्यानंतरचे असून रॉबिनच्या उपलब्ध गाथांत ती सर्वांत जुनी समजली जाते. रॉबिनला नॉटिंगहॅमच्या चर्चमध्ये प्रार्थनेला जायचे असते. बारा माणसे बरोबर घ्यावीत असे मच सुचवितो. रॉबिन ऐकत नाही. एकट्या लिटल जॉनला घेऊन तो निघतो. वाटेत दोघे पैज लावून नेमबाजी करतात, जॉन पाच शिलिंग जिंकतो, आणि रॉबिन ते देण्याचे नाकारून त्याच्यावर हात उगारतो. जॉन तलवार उपसतो. तू माझा धनी नसतास तर याची किंमत मोजली असतीस, असे सुनावून तो तडक निघून जातो.

पुढे रॉबिन एकटाच शहरात शिरतो, एक साधू त्याला ओळखून पकडून देतो, आणि ही बातमी अरण्यात पोहोचते तेव्हा सारे सोबती शोकाने कोसळतात. भानावर राहतो तो एकटा लिटल जॉन, म्हणजे ज्याचा अपमान झाला होता तोच. तो रडणाऱ्यांना गप्प करतो, मचला बरोबर घेतो आणि युक्तीने रॉबिनला तुरुंगातून सोडवितो. नंतर तो रॉबिनला सांगतो, की तू माझे वाईट केलेस, मी तुझे भले केले. आता निरोप दे. रॉबिन शरमतो आणि आपले प्रमुखपदच त्याला देऊ करतो. जॉन ते नाकारतो. मला धनी व्हायचे नाही, सोबती राहू दे, एवढेच त्याचे मागणे असते.

या कथेत खुशामतीला जागा नाही. जॉन नेत्याची चूक चूक म्हणून सांगतो, त्यासाठी साथ सोडतो, आणि तरीही संकटकाळी धावून येतो. पैशाचा हिशेब आणि माणसाचे नाते या दोन गोष्टी त्याच्या मनात वेगळ्या आहेत. पाच शिलिंगांवरचा हक्क तो सोडीत नाही आणि रॉबिनलाही सोडीत नाही. अखेरीस फसविला गेलेला राजादेखील चिडून का होईना, पण कबूल करतो, की हा मनुष्य आपल्या धन्याशी प्रामाणिक आहे, आणि आम्हा सर्वांपेक्षा त्याचे रॉबिनवर अधिक प्रेम आहे.

निष्ठा ही खालून वर जाणारी एकेरी वाट नाही, हेही या गाथा सांगतात. 'गेस्ट'मध्ये नॉटिंगहॅमच्या नेमबाजीच्या सामन्यानंतर दगाफटका होतो आणि जॉनच्या गुडघ्यात बाण घुसतो. शेरीफाच्या हाती जिवंत सापडण्यापेक्षा आपले डोके उडवावे, अशी विनवणी तो करतो. रॉबिन ती धुडकावतो, आणि मच त्याला पाठुंगळी घेऊन चालू लागतो. जखमी माणूस ओझे होतो तेव्हा पुढारी काय करतो, यावर अनुयायांचे पुढचे वागणे अवलंबून असते. सतराव्या शतकातील छापील गाण्यांत तर एक गमतीदार रीतच दिसते. रॉबिन वाटेत कोणाशी तरी झुंजतो, मार खातो, आणि मारणाऱ्याला आपल्या टोळीत यायचे आमंत्रण देतो. अरुंद पुलावर लिटल जॉनने त्याला पाण्यात पाडले, ते असेच. आपल्याला हरविणारी माणसे निवडून जवळ करणारा नेता ही कल्पना कोणत्याही काळी दुर्मिळच म्हणावी लागेल.

निष्ठेची काळी बाजू

परंतु या गाथा वाचताना भाबडेपणा बाळगून चालणार नाही. 'मंक'च्या कथेत रॉबिनची सुटका ज्या मार्गाने होते त्यात एक प्रसंग असा आहे, की ज्यापाशी आजचा वाचक थबकतो. राजाकडे पत्रे घेऊन जाणाऱ्या त्या साधूला जॉन आणि मच वाटेत गाठतात. जॉन साधूला ठार मारतो. साधूबरोबर एक लहानगा सेवक असतो. त्याने काहीही केलेले नसते. पण तो जाऊन सांगेल, एवढ्याच कारणासाठी मच त्याचाही जीव घेतो. गाथाकार एका ओळीत हे सांगतो आणि पुढे जातो. खेदाचा एक शब्दही नाही.

एकदा 'आपला माणूस' वाचवायचा असे ठरले, की मध्ये येणारा निरपराध माणूस दिसेनासा होतो. गाथा गाणाऱ्याला त्यात काही गैर वाटले नसावे, ऐकणाऱ्यांनाही नसेल. पुढे मुलांसाठी लिहिल्या गेलेल्या रॉबिन हूडच्या गोष्टींतून हे लहान पोर अदृश्य झाले. १८८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले हॉवर्ड पाइलचे सचित्र पुस्तक आणि १९३८ सालचा एरॉल फ्लिनचा चित्रपट यांनी घडविलेल्या 'मेरी मेन'चे हात स्वच्छ आहेत. परंतु निष्ठेचा विचार करणाऱ्याने त्या मुलाला विसरता कामा नये. दंगलीत, सूडात, नेत्याच्या बचावासाठी काढलेल्या मोर्चात ज्यांचा बळी जातो, ते बहुधा असेच कोणाच्या तरी मागून चालणारे, कोणतीही बाजू न घेतलेले जीव असतात. निष्ठा हा स्वयंभू सद्गुण नाही. ती ज्या कामासाठी वापरली जाते त्यावर तिचे मोल ठरते, आणि ज्यांचा त्या कामाशी संबंध नाही त्यांना ती कसे वागविते त्यावर अधिक ठरते.

दरबारातले पंधरा महिने

'गेस्ट'च्या शेवटच्या भागात निष्ठेची तिसरी कसोटी येते, आणि ती सर्वांत मार्मिक आहे. राजा मठाधिपतीच्या वेषात अरण्यात येतो. रॉबिन शिंग फुंकतो, त्याचे सातवीसा, म्हणजे एकशे चाळीस गडी धावत येऊन गुडघे टेकतात. ते पाहून राजाच्या मनात येते, की माझी माणसे माझ्या शब्दात नाहीत एवढी याची माणसे याच्या शब्दात आहेत. पुढे ओळख पटते, माफी मिळते आणि रॉबिन आपल्या माणसांसह राजाच्या चाकरीत दाखल होतो.

दरबारात तो पंधरा महिने राहतो. त्या अवधीत शंभर पौंड आणि आपल्या माणसांच्या वेतनाची सारी रक्कम तो उडवून बसतो. कशावर? जेथे जाईल तेथे सरदार-उमरावांवर, नावलौकिक मिळावा म्हणून. वर्ष संपेपर्यंत त्याच्याजवळ दोनच माणसे उरतात: लिटल जॉन आणि स्कॅथलॉक. म्हणजे रानात उन्हापावसात एकत्र राहिलेली फौज राजवाड्याच्या छपराखाली विरघळून गेली. याचा दोष गाथा अनुयायांना देत नाही. त्यांचे वेतन ज्याने बड्या लोकांवर उधळले त्याचा तो दोष आहे, हे शब्दांच्या मांडणीवरूनच कळते. शेवटी जवळ कोण उरले तेही पाहण्यासारखे आहे. एक पाच शिलिंगांसाठी भांडलेला, आणि दुसरा कापडाच्या मापावर हसलेला. निमूटपणे गुडघे टेकणाऱ्यांपैकी एकही नाही.

रॉबिन यात्रेचे निमित्त सांगून सात दिवसांची रजा काढतो, अरण्यात परततो, शिंग फुंकतो, आणि पुन्हा एकशे चाळीस गडी येऊन उभे राहतात. तो राजाकडे परत जातच नाही. आणखी बावीस वर्षे तो रानात काढतो. त्याचा अंत होतो तो नातलग असलेल्या, कर्कलीजच्या मठातील प्रमुख जोगिणीच्या विश्वासघाताने. एरिक हॉब्सबॉम या इतिहासकाराने १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या 'बॅन्डिट्स' या ग्रंथात जगभरच्या लोकप्रिय बंडखोरांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या कथांत एक समान धागा त्याला आढळला: असा बंडखोर मरतो तो फितुरीनेच. रॉबिनच्या बाबतीत ही फितुरी अनुयायांकडून झाली नाही, रक्ताच्या नात्यातून झाली. आणि एका जुन्या गाथेनुसार, मरणासन्न रॉबिनकडे लिटल जॉन तो मठ जाळण्याची परवानगी मागतो तेव्हा रॉबिन ती नाकारतो. सूडापासून अनुयायाला आवरणे हे त्याचे शेवटचे नेतेपण.

मराठीतील प्रतिशब्द

'मेरी मेन' मराठीत कसे आणावेत? 'आनंदी माणसे' म्हटले तर अर्थ हरवतो. जवळात जवळचा शब्द सापडतो तो 'गडी'. हा शब्द मोठा विलक्षण आहे. घरगडी म्हणजे नोकर, खेळगडी म्हणजे बरोबरीचा भिडू, आणि 'गडी मोठा हिमतीचा' म्हटले की नुसता मर्द माणूस. चाकरी, बरोबरी आणि पौरुष हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात, आणि रॉबिनचे सोबती नेमके याच तीन अर्थांच्या सीमेवर उभे आहेत. जॉनला धनी व्हायचे नाही, पण घरगडीही राहायचे नाही. त्याला सवंगडी व्हायचे आहे.

राजकारणात मात्र मराठी माणूस हा शब्द वापरीत नाही. नेत्याच्या कार्यकर्त्यांचा गौरव करायचा तर तो 'मावळे' म्हणतो. हा शब्द दरोडेखोरांच्या कथेतून आलेला नाही. सह्याद्रीच्या मावळातून आलेल्या आणि स्वराज्यासाठी लढलेल्या माणसांचा तो वारसा आहे, आणि म्हणून तो कोणालाही लावताना हात जरा थरथरायला हवा. निंदा करायची झाली तर चेलेचपाटे, हुजरे, होयबा हे शब्द तयारच असतात. त्याहून पुढे जायचे असेल तर 'अलीबाबा आणि चाळीस चोर' हा ठेवणीतला वार काढला जातो. या शेवटच्या प्रयोगात एक गंमत आहे. मूळ कथेत अलीबाबा हा चोरांचा म्होरक्या नाहीच. तो गरीब लाकूडतोड्या आहे, चोरांच्या गुहेतील धन त्याच्या हाती लागते आणि चोर त्याच्या जिवावर उठतात. हन्ना दियाब या अलेप्पोच्या कथेकऱ्याने १७०९ साली आंत्वान गॅलाँ या फ्रेंच पंडिताला ही गोष्ट सांगितली, त्याने ती आपल्या अरबी कथांच्या संग्रहात घातली आणि ती जगभर गेली. आपल्या सभांतील वक्त्यांनी मात्र बिचाऱ्या अलीबाबालाच चोरांचा सरदार करून टाकले. इंग्रजांनी 'मेरी मेन'च्या बाबतीत जे केले, तेच आपण येथे केले. कथा विसरली गेली आणि शिक्का तेवढा उरला.

शिक्क्यांनी विचार होत नाही, हे गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने चांगलेच अनुभवले आहे. जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, तेव्हा 'निष्ठावंत' आणि 'गद्दार' या दोन शब्दांनी सारे सार्वजनिक संभाषण व्यापले. कोण कोणाशी निष्ठावंत, नेत्याशी की पक्षाशी, पक्षाशी की विचाराशी, विचाराशी की मतदाराशी, हा प्रश्न मात्र घोषणांच्या गदारोळात बाजूलाच राहिला. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतराला कायद्याचा लगाम घातला, तो आवश्यकही होता. परंतु आदेश मोडल्यास सदस्यत्व जाईल, एवढेच कायदा सांगू शकतो. आदेश चुकीचा असेल तर तो चुकीचा आहे असे पक्षाच्या बैठकीत उठून सांगण्याचे धैर्य त्याला निर्माण करता येत नाही. जेथे भांडायला जागा नसते तेथे माणसे एक तर गुडघे टेकतात किंवा रातोरात निघून जातात. लिटल जॉनचा तिसरा मार्ग, म्हणजे तोंडावर भांडून सोबती राहण्याचा मार्ग, तेथे बंद झालेला असतो.

हा प्रश्न केवळ पुढाऱ्यांचा नाही. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत, कचेरीत, विद्यार्थी संघटनेत, सहकारी संस्थेच्या सभेत तो रोज उभा राहतो. वरिष्ठांच्या मनातले ओळखून टिपणी लिहिणारा कारकून निष्ठावंत, की नियम काय सांगतो ते फायलीवर स्वच्छ लिहून खाली सही करणारा? मुख्याध्यापकांच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावणारा शिक्षक संस्थेचा हितचिंतक, की निकाल फुगविण्यास नकार देणारा? तात्पुरते बक्षीस पहिल्याच्या वाट्याला जाते, हे खरे. परंतु चौकशी लागते, संस्था अडचणीत येते, दरबार उठतो, तेव्हा पहिल्या प्रकारची माणसे शोधूनही सापडत नाहीत.

१५१० साली अठरा वर्षांचा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री काही सरदारांना रॉबिन हूडच्या माणसांसारखे कपडे चढवून राणीच्या महालात शिरला आणि सर्वांनी मिळून नाचगाण्याची मौज केली. त्याला अरण्यातील सोबत्यांचा पोशाख हवासा वाटला. पुढच्या काळात त्याला विरोध करणाऱ्या टॉमस मोरचे काय झाले, हे इतिहासाला ठाऊक आहे. सोबत्यांचा पोशाख कोणत्याही नेत्याला शिवून घेता येतो. आजकाल तर टोपी, उपरणे आणि घोषणाही तयार मिळतात. पाच शिलिंगांसाठी तोंडावर भांडणारा आणि तुरुंगाच्या दाराशी सर्वांआधी पोहोचणारा माणूस तेवढा शिवून मिळत नाही. तो ज्याच्याजवळ आहे त्याने त्याला सांभाळावे, आणि ज्याच्याजवळ नाही त्याने तो का निघून गेला याचा विचार करावा.